न कुरतडलेली पानं

हौसाच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "बाई, आत्या गेल्या," एवढंच ती म्हणाली. मी गाळणी धरून उभी राहिले आणि पहिला प्रश्न मनात आला तो असा, की आता ते पान कुणाकडे असेल... माणूस गेल्यावर असलं काही सुचतं, याची लाज वाटायचं माझं वय उलटून गेलंय.

हौसा वलवणला ओढ्याच्या कडेला राहायची आणि दर शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या पानांच्या माळा विकायची. आमची ओळख झाली तेव्हा मी तिशीतली, लोणावळ्याच्या शाळेत नुकती लागलेली विज्ञानाची बाई. वनस्पतिशास्त्राची पदवी ताजी, आणि अंगात शहाणपण इतकं की त्याच्याच ओझ्यानं चढावर धाप लागावी. एकदा वर्गातल्या मुलींना घेऊन तिच्या रुईपाशी गेले आणि व्याख्यान सुरू केलं. पान तोडलं की पांढरा चीक येतो, तो विषारी असतो, म्हणून या झाडाला कुणी तोंड लावत नाही. मागून हौसाचा आवाज आला, "मग ही काय उपास सोडतीया व्हय?" तिच्या बोटाशी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी मजेत पान खात होती. मुली हसल्या. मी घड्याळ बघून तास संपवला. अशी होते मी, अळीवर रुसणारी.

पुढच्या शनिवारी मात्र एकटीच गेले. हौसानं मला दगडावर बसवलं आणि बघायला लावलं. अळी आधी पानाची शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते, मग गोल चर पाडून आतलं निवांत खाते. "रुई चीक वाढीवती, ही नळ कापती. रुईनं आनि चीक केला तर ही आनि युगत काढती. जावाजावा हायेत दोगी." मी घरी येऊन पुस्तकं चाळली. खाल्लेलं विष अळी अंगात साठवते, तिचं फुलपाखरू झालं तरी ते उरतं आणि पाखरं त्याच्या वाटेला जात नाहीत. हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मंजी हिला ईखच आंदन मिळालं की." त्यानंतर चाळीस वर्षं आमचंही तसंच चाललं. ती माझी नेमकी शीर शोधायची आणि मी नवा चीक तयार ठेवायचे.

देवाला कुरतडलेलं पान चालत नाही. म्हणून घरामागची झाडं मारुतीची आणि ओढ्याकडची अळ्यांची, अशी तिनं वाटणी केली होती. रोज सकाळी मारुतीच्या झाडांवरच्या अळ्या बोटानं उचलायची आणि पलीकडे नेऊन सोडायची. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, ती अंथरुणाला खिळली आणि हे काम माझ्याकडे आलं. सून सकाळीच कामाला जायची. "माळ चुकवू नगा, आन् त्यास्नी मारू नगा," एवढंच हौसानं सांगितलं होतं. पण माझे डोळे मंद, बोटं थरथरती. एका शुक्रवारी बघते तर सगळी पानं चाळणी झालेली. माळ चुकणार म्हणून मी घाबरले आणि शेजारच्या बंगल्याच्या माळ्याकडून औषध मारून घेतलं. फक्त मारुतीच्या झाडांवर, असं बजावून. वाऱ्याला कुणी बजावायचं... ओढ्याकडच्या अळ्याही दुपारपर्यंत काळ्या पडून गळाल्या. आता आसपास सगळे बंगले, हिरवळी आणि औषधाचे फवारे. रुई उरली होती ती हौसाकडेच. नवी फुलपाखरं येणार कुठून?

हौसा दर भेटीला विचारायची, "आल्या का?" मी म्हणायचे, "येतील." मग एकदा "आल्या" म्हणून बसले. तर म्हणाली, "एक खाल्ल्यालं पान आना मला." सत्तरी ओलांडलेल्या विज्ञानाच्या बाईनं घरी जाऊन नखं कापायच्या कात्रीनं रुईच्या पानाला गोल भोक पाडलं. तिशीतल्या त्या शहाणीला मी इतकी वर्षं हसत आले, पण ती गेलीच नव्हती कुठं.

हौसानं पानाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "बाई, ह्या अळीला कात्री कुनी दिली?" मी पान परत घ्यायला हात पुढे केला. तिनं पान मागे दिलं नाही. रागावलीही नाही. भिंतीकडे तोंड केलं आणि नुसतं म्हणाली, "रुई एकटी पडली मंग." त्यानंतर ती माझ्याशी फारसं बोलली नाही. आठवड्यानं सुनेचा फोन आला.

ते पान उशीखाली सापडलं. सुनेनं मला आणून दिलं, काय आहे ते न विचारता. वाळून तपकिरी झालंय, भोक तेवढं नीट गोल आहे.

माळ मी अजून करते. परवा शनिवारी पुजारी म्हणाले, "आजी, पानं काय सुरेख आणता हो, एकालाही छिद्र नाही." मी हात जोडले. हल्ली रोज सकाळी ओढ्याकाठी जाते, एकेक पान उलटून बघते, आणि सगळीच्या सगळी देवाला चालतील अशी निघतात.