घरटी एक माणूस

उमरोठे गावाची लोकसंख्या किती, असं देवरे सरांना विचारलं की ते आधी उलट विचारत, "किती वाजताची?"

पहिल्या भेटीत ही चेष्टा वाटली होती. आमच्या वृत्तपत्रात तेव्हा तालुक्यातल्या एकेका गावाची माहिती देणारं सदर चालू होतं. इतिहास, भूगोल, लोकसंख्या आणि एक छायाचित्र. पनवेलच्या स्टँडवरून एसटीने उमरोठ्याला गेलो, तर ग्रामपंचायतीच्या शिपायाने टेकडीवरच्या कॉलेजकडे बोट दाखवलं. "गावाचं सगलं देवरे सरांना इचारा. आमाला नाय म्हाईत."

देवरे सर तिथे भूगोल शिकवत. वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर बसून ते हातावरचा खडू रुमालाने पुसत होते. चेष्टा करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. "सकाळी अकराला विचाराल, तर गाव भरलेलं आहे," ते म्हणाले. "आसपासच्या वाड्यांमधली मुलं कॉलेजात आलेली असतात. चारची एसटी गेली की गाव निम्मं होतं. जत्रेच्या दिवशी विचाराल, तर कामोठे, बेलपाडा, पनवेल, जिथे जिथे उमरोठ्याची माणसं राहायला गेली आहेत तिथून सगळी येतात. लोकसंख्या वेळ पाहून सांगायची असते."

सदरात एकच आकडा मावणार होता. तो त्यांनी दिला, पण नाखुशीने.

त्या दिवशी त्यांनी गाव पायी दाखवलं. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधल्या उंचवट्यावर घरांची लांबट रांग. गोड पाण्याची विहीर रांगेच्या टेकडीकडच्या टोकाला. "गोड विहिरीपासून घर किती लांब आहे ते पाहा, आडनाव न विचारता कळेल," असं ते म्हणत. सगळ्यात आधी आलेल्या भोईरांची घरं विहिरीला लागून होती, नंतर आलेले खाडीकडे सरकले होते. इतिहास विचारला, तेव्हा ते मला थेट खाडीच्या बांधावर घेऊन गेले. "इथे राजा नाही, किल्ला नाही, लढाई नाही. खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढाच या गावाचा इतिहास. भरतीला बांध फुटला की घरटी एक माणूस बांधावर येतो. कोणी बोलवायला जात नाही. ज्या घरातून माणूस येतो, ते घर गावातलं."

सर चाळीसगावकडचे. लग्न केलं नव्हतं. गावी भाऊ होते, घराची वाटणी झाल्यावर जाणं कमी झालं आणि आई गेल्यावर थांबलं. तीसेक वर्षं ते कॉलेजच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहिले. चारच्या एसटीने मुलं निघून गेली की टेकडीवर ते आणि पाण्याच्या टाकीवर बसणारे कावळे एवढेच उरत. संध्याकाळी ते गावात जेवायला येत. चांगुणाबाय नावाच्या विधवा बाईंकडे त्यांची खानावळ होती. बाईंच्या तोंडाला गाव घाबरत असे, सरांवरही त्या सूट देत नसत.

"गावातली घरां मोजीत फिरतांव," वाढता वाढता त्या म्हणायच्या, "आनि सोताच्या घरात एक बाय आनली नाय."

"मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचं नसतं, बाई."

"मंग भाकर तरी कोनाच्या नावावर खातांव?"

सर हसत आणि कालवणाची वाटी पुढे करत.

दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन ते गावाची पाहणी करत. मुलांना एकच नियम होता: आधी पाणी, मग प्रश्न. घरात शिरल्यावर पाणी मागायचं, बसून प्यायचं, त्यानंतरच वही उघडायची. "पाणी न पिता विचाराल तर लोक सरकारला द्यायचं उत्तर देतील," असं ते सांगत. पाहणीत शेवटी कॉलेजचं आवार येई. तिथे राहणाऱ्याला कोणत्या चुलीत, म्हणजे कोणत्या घरात, धरायचं, असा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी मुलगी विचारी. सर म्हणत, "ते सोडा. पुढे चला."

पुढे एका वर्षी बांध फुटला, त्या दिवशी मी बातमीसाठी तिथे होतो. अमावास्येचं उधाण होतं, बांधाला दोन ठिकाणी खांडी पडल्या होत्या आणि खाडीचं पाणी भाताच्या खाचरांत पसरत होतं. देवळाच्या कमिटीचे हिराजीनाना भोईर बांधावर उभे राहून ओरडत होते. "म्हात्र्यांच्या घरचा कोन हाय? आनि तू रं, कमरंवर हात ठेवून लग्नाला आलायस काय?" माणसांची साखळी लागली होती, चिखलाची घमेली हातोहात पुढे जात होती. तेवढ्यात देवरे सर आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात चांगुणाबायचं घमेलं.

"सर, तुमी कशाला आलाव?"

"घरटी एक माणूस ना, नाना? माझ्या घरातून मी."

सगळे हसले. ते हसणं प्रेमाचं होतं, यात शंका नाही. नानांनी सरांच्या हातातलं घमेलं काढून घेतलं आणि मागे वळून हाक दिली, "अरं, सरांना खुर्ची आना!" देवळातली प्लास्टिकची खुर्ची बांधावर आली. सर उभेच राहिले, तेव्हा नाना हलक्या आवाजात म्हणाले, "आमच्या पोरांना शिकवलांव तुमी. तुमच्याकडना चिखल उचलून घेवाचा? लोकां काय म्हनतील?" सर बसले. चहा आला तो पहिल्यांदा त्यांनाच मिळाला. त्यांच्यापासून दोन हातांवरून घमेली जात होती आणि जाणारा प्रत्येक जण चिखल सरांवर उडणार नाही याची काळजी घेत होता.

परतताना टेकडीच्या वाटेवर त्यांनी दुमडलेली पँट खाली सोडली. मग म्हणाले, "नाना तिथे प्रत्येकाला शिव्या घालत होते. ऐकलंत ना? मला एकही घातली नाही."

निवृत्ती जवळ आली, तेव्हा कॉलेजच्या खोल्या सोडाव्या लागणार हे उघड होतं. सरांना उमरोठ्यातच राहायचं होतं. शाळेच्या मागे गावठाणातला एक पडका कोपरा होता. तिथे एक खोली बांधू द्यावी, असं त्यांनी देवळातल्या बैठकीत विचारलं. तीस वर्षांत त्यांनी गावाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. कोणी नाही म्हटलं नाही. नाना म्हणाले, "बघू, सर."

बातमीदारीत या शब्दाची सवय होते. सरांना ती नव्हती. त्यांनी खोलीची दिशा ठरवली, खिडकी खाडीकडे ठेवायची असं चांगुणाबायला सांगितलं. बाय म्हणाल्या, "खारा वारा येल, कपाट गंजंल." सर म्हणाले, "गंजू द्या."

नंतर मी नानांना एकट्याला विचारलं. ते चिडले नाहीत. "मानूस देव हाय," ते म्हणाले. "पन भायेरच्याला आज एक कोपरा दिला, तर उद्या बिल्डर येल, त्याला काय सांगू? आमची शेती गेली, मिठागरां गेली. आता गावठान तेवढं रायलंय. सरांना नाय म्हनाला जीभ रेटत नाय, म्हनून बघू म्हनलं." त्यांच्या बाजूने पाहिलं तर हे खोटं नव्हतं. त्या भागातली गावं कशी विकली गेली, ते आम्हीच छापत आलो होतो.

निरोपसमारंभ देवळासमोर झाला. मंडप होता, शाल होती, श्रीफळ होतं, नानांचं भाषण होतं. "सर आमचेच हाईत," असं ते तीन वेळा म्हणाले आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. सर उत्तर द्यायला उठले. त्यांनी बांधाबद्दल थोडं सांगितलं, मुलांचे आभार मानले आणि मग नानांकडे पाहिलं. नाना समोरच्या मुलांना खुर्च्या उचलायला सांगत होते.

मंडपाबाहेर टेम्पो उभा होता. गावाने तो आपल्या खर्चाने केला होता. सर समारंभात होते तेवढ्या वेळात तरुण पोरांनी टेकडीवरच्या दोन्ही खोल्या रिकाम्या करून सामान भरलं होतं. पुस्तकं ओली होऊ नयेत म्हणून वर ताडपत्री बांधली होती. एक कपबशीसुद्धा फुटली नव्हती. "सर, तुमाला हात लावाला लागला नाय," एक पोरगा अभिमानाने म्हणाला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मला पनवेलला यायचं होतं, म्हणून मीही टेम्पोत बसलो. चांगुणाबाय रस्त्यापर्यंत आल्या. त्यांनी भाकऱ्यांचं गाठोडं खिडकीतून आत दिलं.

हमरस्त्याला लागल्यावर चालकाने विचारलं, "सर, कुठे सोडायचं?"

सर समोर पाहत होते. नानांच्या 'बघू'वर विसंबून त्यांनी दुसरी जागा पाहिलीच नव्हती. "पनवेलला स्टँडवर सोड," ते म्हणाले.

"एवढं सामान घेऊन स्टँडवर?"

चालकाने गाडी कडेला घेतली आणि नानांच्या मुलाला फोन लावला. मुलगा कामोठ्यात राहत होता, समारंभासाठी गावात आला होता. जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या इमारतीत त्यांचे तीन फ्लॅट होते, एक रिकामा होता. फोन स्पीकरवर होता. "सर, विचारायचं काय त्यात? आपलाच फ्लॅट आहे. डिपॉझिटचं नाव काढू नका, कितीही वर्षं राहा!" मागून नानांचा आवाज आला, "सरांना सांग, पंखे नवीन हाईत."

सर म्हणाले, "नानांना नमस्कार सांगा."

काही महिन्यांनी कामोठ्यातल्या त्या फ्लॅटवर त्यांना भेटायला गेलो. इमारतीच्या दाराशी फ्लॅटमालकांच्या नावांची पाटी होती. ती वाचत होतो, तेवढ्यात पहारेकरी आला. कोणाकडे जायचं, असं त्याने विचारलं. देवरे, असं सांगितलं. त्याने मान हलवली.

"देवरे कोणी नाही साहेब या बिल्डिंगमध्ये."

मग हिराजी भोईरांचं नाव सांगितलं. त्याने लगेच लिफ्ट दाखवली.