सिस्टरचा पेशंट

बाही कोपराच्या वर सारायची, खड्ड्यातल्या कचऱ्यात हात खुपसायचा आणि डोळे मिटून थोडं थांबायचं. मग म्हणायचं, "ताप हाय. पेशंट चांगला हाय."

मंठ्याच्या आमच्या कॉलनीत रोज सकाळी सिस्टरचं हे चालायचं. बाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. कॉलनीच्या मोकळ्या जागेत त्यांनी स्वतः खड्डा खणला आणि ओला कचरा इथं आणून टाका म्हणून घरोघर सांगत फिरल्या. कचऱ्याचं खत होताना तो आतून तापतो, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं.

तुम्ही असता तर तुम्हीही नाक मुरडलं असतं. आम्ही बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. गावचा उकिरडा मागं टाकून इथं प्लॉट घेतलेले. पाहुण्यांना नव्या फरश्या दाखवायच्या की हे?

शेजारचे वकील एकदा तोंडावरच म्हणाले, "सिस्टर, हा उकिरडा झाला की."

"उकिरडाच हाय. हसनाबादला आमच्या दारात व्हता. त्याच्या खतावर वावर पिकलं, आन् मी शिकले. मी न्हाई लाजत, तुमीच लाजून राह्यले."

खड्ड्यात प्लॅस्टिक सापडलं की त्या ते धुऊन वाळवत आणि ज्याचं त्याला नेऊन देत. कुणाचं ते त्यांना बरोबर कळायचं. एकदा माझ्या दारात दुधाच्या पिशव्यांची घडी घेऊन उभ्या राहिल्या. "सर, तुमचं राह्यलं व्हतं." तेही बायकोसमोर. मला इतका राग आला की खड्डा बुजवण्याचा अर्ज मीच लिहिला, शाळामास्तरच्या ठळक अक्षरात. सह्या भराभर झाल्या. पहिली माझी.

जेसीबी आला तेव्हा सिस्टर काठाशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"नाडी बघितल्याबिगर मी कुणाला मेला म्हणू दिलं न्हाई," त्या म्हणाल्या. "सही करणाऱ्यांनी एकेकानं हात घाला. थंड लागला तर खुशाल बुजवा. पैली सही कुणाची हाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही हट्टानं पुढं झालो आणि हात घातला. आत तापलेल्या लेकराच्या कपाळासारखी ऊब होती. गावच्या उकिरड्यात आईबरोबर शेण टाकताना लागायची तशीच.

"काय लिहायचं, सर?"

मी अर्ज मागून घेतला आणि माझं नाव खोडलं. मग आणखी दोघांनी हात घालून आपापलं खोडलं, बाकीचे पुढंच येईनात. जेसीबी परत गेला.

गेल्या श्रावणात सिस्टर वारल्या. शेवटी भेटायला गेलो तर खाटेवरून मलाच विचारलं, "सर, ताप बघितला का?" बघितला म्हणालो. त्या अर्जाची माफी मात्र मागायची राहिली, आणि ती बोचणी काही केल्या जात नाही.

त्यांचा तेरावा व्हायच्या आत वकिलांनी नवा अर्ज फिरवला. खड्डा बुजवून तिथं फरशी बसवायची म्हणे. मी सही न करता परत दिला. बाकीच्यांनी केल्या.

परवा सकाळी जेसीबी पुन्हा आला. मी बाही वर सारली, हात घातला. ताप होता. तशाच बरबटलेल्या हातानं सिस्टरची खुर्ची ओढली आणि काठाशी टाकून बसलो.

"पहिली सही कुणाची आहे?" मी विचारलं.