वहिनीचं बोट, वाचकांचं नाव

"वहिनी, पायांचे तुकडे पडले बाई. अजून किती घरं?" नणंदेने पुस्तकांची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"शिंपीकाका राहिलेत, मग झालं. आणि वन्सं, तुम्हाला कुणी आमंत्रण दिलं होतं?"

एरवी वहिनी याहून खमंग बोलायची. आज दुपारपासून तिचं तोंड उतरलेलं होतं. ती सार्वजनिक वाचनालयात काउंटरवर होती. गेल्या वर्षी तिथे नवी सोय आली: वाचकाने मोबाइलवरून पुस्तक मागायचं, वाचनालयाने ते काढून ठेवायचं. ज्यांना जिने उतरवत नाहीत त्यांना वहिनी सुटल्यावर घरी नेऊन द्यायची. हे कुणी तिला सांगितलेलं नव्हतं.

शिंपीकाका दारातच खुर्ची टाकून बसले होते. "आलीस? मागच्या पुस्तकातला खुनी मला दुसऱ्याच पानावर सापडला."

"मग शेवटपर्यंत कशाला वाचलंत?"

"म्हटलं, लेखकाला कधी सापडतो बघू!" काका खुदकन हसले. "बाकी तू माझ्या नावाने त्या मोबाइलवर काय दाबतेस देव जाणे, पण पुस्तकं झकास येतात."

पुस्तक देऊन परत उतरताना नणंद जिन्यातच थबकली. आपल्याला ते मोबाइलचं जमत नाही, म्हणून आपली मागणी वहिनी नोंदवते, हे तिला ठाऊक होतं. घरचं माणूस म्हणून करते, असं ती समजत होती.

"वहिनी, सगळ्यांचंच तू करतेस?"

"तरुण मंडळी आपापलं करतात. ती दवाखान्यातली नर्सबाई बघा ना, रात्रपाळीहून येताना पुस्तक घेऊन जाते. तिच्यासाठी सोय सोन्यासारखी आहे, उगाच नावं का ठेवू? पण म्हाताऱ्यांनी आपापले पासवर्ड माझ्याच गळ्यात घातले. फोन करायचे, काहीतरी हलकंफुलकं दे गं. मी त्यांच्या नावाने आत शिरून मागणी टाकायची. तसं करायला सक्त मनाई आहे."

"मग? पुस्तकं तर पोचली ना?"

"पोचली, आणि तिथेच घात झाला." वहिनी रस्त्याकडेच्या कट्ट्यावर मटकन बसली. "आज साहेबांनी अहवाल वाचून दाखवला. म्हणे ज्येष्ठ वाचकांनी मोबाइल आपलासा केला, आता काउंटरची गरज उरली नाही. बाहेर कुलपांचं कपाट बसवणार. फोनवर आकडा येईल, तो टाकायचा, दार उघडायचं. फोनवरून मागणी घ्यायला कुणी नसेल आणि पुस्तक घेऊन जिने चढायलाही. मला दुसरीकडे टाकतील, माझं काही अडत नाही. पण काकांनी काय करायचं? मी माझ्या हाताने त्यांचं दार बंद केलं, वन्सं."

नणंद तिच्या शेजारी टेकली. "मग साहेबांना सांगून टाक खरं."

"सांगायला गेले होते. पहिल्याच वाक्याला म्हणाले, खुर्ची जाते म्हटल्यावर सगळेच असं बोलतात. पुढचं तोंडातच राहिलं."

नणंदेच्या डोळ्यांपुढे भावाचं घर आलं. भावाचं काम सुटल्यापासून ते घर वहिनीच्या पगारावर चाललं होतं. पासवर्डाचं बाहेर पडलं तर वहिनी दुसरीकडे जाणार नव्हती, सरळ घरी बसणार होती. रोज देवापुढे हात जोडताना नणंद त्याच घरासाठी मागणं मागत होती.

"दादाला माहीत आहे?"

"नाही. कळलं तर अडवतील."

समोरून एक रिक्षा गेली. मग वहिनीने नणंदेचा हात हातात घेतला.

"सोमवारी वाचकांची सभा आहे. तुम्ही वाचक म्हणून या. सगळ्यांसमोर उभ्या राहा आणि सांगा, 'मी कधीच बटण दाबलं नाही, माझ्या नावाने वहिनीने दाबलं.' माझं नाव घेऊन सांगा, वन्सं. एवढं माझ्यासाठी कराल?"