पानाचा जाड आवाज

वयाच्या विसाव्या वर्षी मी एका म्हातारीला मारून टाकलं. तिला साधी कणकणसुद्धा नव्हती. अंगण झाडून, चूल सारवून ती आपली उंबऱ्यात बसली होती आणि मी भर दुपारी, सात-आठ बायांसमोर, खणखणीत आवाजात जाहीर केलं की ती गेली. माझ्यावर गुन्हा दाखल झाला नाही, कारण म्हातारी कादंबरीतली होती. पण त्या वयात मला जेवढी अक्कल होती तेवढी नखावर ठेवली असती तरी नख रिकामंच दिसलं असतं, हे आधीच कबूल करते. पुढचं वाचताना तुम्ही माझी बाजू घेऊ नये म्हणून.

आज हे आठवलं ते तुरीच्या शेंगांमुळे. जालन्यात मुलाच्या घरी, गॅलरीत कोवळ्या उन्हाला पाठ देऊन शेंगा सोलत होते. कानात नातीनं दिलेली बिनवायरची दोन बोंडं. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण आमची हयात कपाशीत गेलेली, कानात काही पांढरं कोंबलं की ते बोंडच. बोंडांमधून कादंबरी चालू होती, फार वर्षांपूर्वी वाचलेली. धाकट्या जावेचं प्रकरण आता येईल, मग येईल, म्हणून मी कान टवकारून बसले, आणि गोष्ट एकदम तिच्या लग्नाच्या पंगतीतून नातवाच्या बारशालाच जाऊन पोचली. चष्मा लावून फोन पाहिला. मुखपृष्ठाच्या चित्राखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘संक्षिप्त आवृत्ती’.

"माझी पानं चोरली मेल्यांनी!" मी ओरडले.

"कोणती पानं, आजी?" नात आतून धावत आली.

"मला लागणार नाहीत असं त्यांनी ठरवलं, ती."

तिला वाटलं, आजी नेहमीसारखं काहीतरी बोलतेय. ती हसत गेली. मी शेंग उचलली, अंगठ्याचं नख शिवणीत घातलं, आणि तो हिरवा, जरासा तुरट वास नाकात आला. मग गॅलरी, फोन, जालना, काहीच उरलं नाही.

पण थांबा, त्या वासाकडे जाण्याआधी एक सांगू द्या. ऐकण्याचं हे वेड मला म्हातारपणी लागलं आणि चांगलंच लागलं. डोळे लवकर थकतात; हात मात्र अजून कामाशिवाय बसत नाहीत. म्हणून माझ्या दिवसाची वाटणी झाली आहे. सकाळी भाकरी थापताना दोन पोरींचा पॉडकास्ट. त्या विनोद सांगायच्या आधीच इतक्या हसतात की विनोद काय होता ते कधी कळत नाही, पण त्यांच्या हसण्यावर भाकरी मात्र झकास फुगते. भाजी निवडताना एक गृहस्थ तारे आणि कृष्णविवरं समजावतात. परवा त्यांनी सांगितलं की तिथून प्रकाशसुद्धा सुटत नाही, आणि मला आमच्या सासूबाईंचं साखरेचं फडताळ आठवलं. दुपारी मात्र कादंबरी, आणि ती वाचणाऱ्याच्या मूळ वेगानं. नात दीडपट वेगानं ऐकते. मला ते ऐकून वाटतं, वाचणाऱ्याची एसटी सुटायला आली आहे. मला वाचणारा माणूस हवा असतो, आवंढा गिळणारा, मध्येच पाणी पिणारा. मागे कुठेतरी कोंबडा आरवला तर मी विचार करत बसते, हा कुठल्या गावी बसून वाचत असेल, याच्या खिडकीबाहेर काय असेल? आणि पान उलटल्याचा आवाज आला की मी हातातलं काम थांबवते. तो आवाज ऐकायला मला एका बाईनं शिकवलं. तिनं कधी पुस्तक हातात धरलं नव्हतं.

माझं सासर भोकरदन तालुक्यातलं, राजूरपासून बैलगाडीच्या वाटेवर. सासऱ्यांनी त्या वर्षी बियाण्याच्या कपाशीचा प्लॉट घेतला होता. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांना वाटेल कपाशी पेरली आणि वेचली, झालं. बियाण्याच्या कपाशीत बाईचा जीव जातो. उद्या उमलणारी प्रत्येक कळी आज दुपारी हेरायची, नखानं तिचं हिरवं-पांढरं आवरण सोलायचं (शेंगेचा तो वास मला या सोलण्याचा वाटला), आतले पिवळे पराग अलगद खरवडून काढायचे आणि खुणेला लाल दोरा बांधायचा. दुसऱ्या सकाळी त्या उघड्या कळीला दुसऱ्या वाणाचं फूल फिरवायचं. एकेका सरीत शेकडो कळ्या. एक जरी नजरेतून सुटली तरी सकाळी ती आपल्या मनानं उमलून बसते, मग ती तोडून फेकायची. हात आणि डोळे गुंतलेले, कान मात्र मोकळे. आणि मी दहावी झालेली सून! वाकून काम करायचा मला मनस्वी कंटाळा. मी डोकं लढवलं. टेंभुर्णीच्या बाजाराहून सासरे माझ्यासाठी वाचनालयाचं पुस्तक आणत. मी म्हटलं, मी वाचून दाखवते, बाया रमतील, वेळेवर येतील. सासूबाई म्हणाल्या, "सून कामाला आणली का कीर्तनाला?" पण बाया खरंच वेळेवर येऊ लागल्या, आणि मग सासूबाईंनाही कीर्तन चालू लागलं. मी पदर खोचून, पुस्तक छातीशी धरून, सरीतून बायांच्या मागे मागे चालत वाचायची. आजकालच्या पोरींना वाटतं पॉडकास्ट त्यांनी काढला.

त्या बायांत एक मावशी होती, पलीकडच्या वस्तीवरची. बांधावरून कोण येतंय ते मान वर न करता सांगायची. "वहाण घासून राह्यली, म्हंजे तुमच्या सासूबाई." तिची एकुलती लेक नवऱ्यासोबत सुरतेला गेलेली, तीन वर्षांत ना चिठ्ठी, ना निरोप. हे मला माहीत होतं. आणि कादंबरीत होतं काय, तर एक मुलगी घर सोडून जाते आणि तिला वाढवणारी म्हातारी मोलकरीण रोज अंगण झाडून, दोन ताटं वाढून तिची वाट पाहते. मला त्या मुलीच्या प्रेमात रस. मावशीला फक्त म्हातारीत. मी पुस्तक उघडलं रे उघडलं की तिचा प्रश्न ठरलेला.

"सूनबाई, म्हातारीनं अंगन झाडलं का आज?"

"झाडलं, मावशी."

"दोन ताटं वाढली?"

"वाढली."

"मंग येईन पोरगी. दोन ताटं असली म्हंजे येतेच."

बाकीच्या बाया हसायच्या. एक तर म्हणायची, "मावशे, तूच जा की तिकडं, दोघी मिळून झाडा!" मावशीही हसायची आणि पुढची कळी सोलायची.

पुढे एक प्रकरण आलं, तीस पानांचं, सगळं म्हातारीचं. झाडणं, सारवणं, उंबऱ्यात बसणं. तिकडे मुलगी परक्या शहरात, एका तरुणानं तिचा हात धरलेला, आणि मी इथे केरसुणी वाचू? आणि या बायांना तरी त्यातलं काय कळणार, असं मला वाटलं. खरोखर वाटलं. मी अंगठ्यानं तीसच्या तीस पानं एकदम उलटली आणि म्हटलं, "मग ती म्हातारी वारली."

मावशीचा हात कळीवरच थांबला.

"कशानं?"

"तापानं."

"जवळ कोन व्हतं?"

इथे तरी मी एखादी शेजारीण उभी करायला हवी होती. माझ्या बापाचं काय जात होतं? पण मला घाई. मी म्हटलं, "कोणी नाही."

दुसऱ्या दिवशी मावशी प्लॉटच्या पार पलीकडच्या सरीत जाऊन लागली, जिथे माझा आवाज पोचत नव्हता. मी मनात म्हटलं, बरं झालं, एक कटकट गेली. पाच दिवस मी धडाधड वाचलं. भांडणं, गैरसमज, ताटातूट, सगळं साग्रसंगीत. रोज एकदा माझी नजर तिकडे जाई; कपाशीच्या वर तिची वाकलेली पाठ तेवढी दिसे. लाल दोरे तिच्याच सरीत सर्वांत नीट बांधलेले असत. कुणाशी बोलून राह्यली नाही, असं बाया म्हणायच्या.

सहाव्या दिवशी शेवटचं पान. मुलगी थकून, हरून गावी परत येते. मी गहिवरून वाचत होते, आवाजात कापरं आणून, स्वतःवरच खूश होऊन. आणि त्या गहिवरात वाचून गेले, की तिनं कडी वाजवली आणि कंदील हातात धरून म्हातारीनं दार उघडलं.

एकजण कमरेवर हात ठेवून ताठ उभी राहिली. "अव सूनबाई, ही तर मेल्ती ना तापानं?"

जे हसू फुटलं ते बांधावर ऐकू गेलं असेल. माझे कान तापले. सांगावंच लागलं, की म्हातारी मेलीच नव्हती, मी तीस पानं गाळली. "देवा, जितं मानूस मारलं की हिनं!" एकीनं हात तोंडाशी नेऊन पलीकडे हाक घातली, "मावशे, ये जल्दी! तुझी म्हातारी जिती झाली!"

मावशी सरी ओलांडत आली. फांद्या मोडू नयेत म्हणून प्रत्येक झाड हातानं बाजूला करत, सावकाश. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात चार-पाच खोट्या सबबी जुळवल्या आणि मोडल्या. ती समोर उभी राहिली तेव्हा तिच्या बोटांना पिवळे पराग लागलेले होते, आणि ती माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहत होती.

तिची लेक पुढे आली की नाही, मला ठाऊक नाही. प्लॉट संपला, पुढच्या वर्षी आम्ही गाव सोडलं, आणि विचारायचं राहून गेलं. तीही पानं माझ्याकडून गळालीच म्हणायची. पण आज कुणीतरी माझी पानं गाळली आणि मला राग आला, तेव्हा पन्नास वर्षांनी समजलं की पाच दिवस त्या पलीकडच्या सरीत ती काय घेऊन वाकली होती. मघाशी नातीला म्हटलं, अखंड पुस्तक शोधून दे, कितीही लांब असू दे. ती म्हणाली, आजी, बावीस तास आहे गं! मी म्हटलं, असू दे, शेंगा पुष्कळ आहेत. आणि माझ्याच तोंडून कोण बोललं ते ओळखून हात थांबला. कारण त्या दुपारी पुस्तकाकडे पाहत मावशी म्हणाली होती:

"मला वाटलंच व्हतं, सूनबाई. त्या दिशी पानाचा आवाज जाड आल्ता. आता ती ऱ्हायलेली पानं वाचा. दमानं वाचा, कळ्या लई हायेत."