केबलवाल्याचा चहा

आमच्या गच्चीवरून केबलच्या तुटक्या वायरी लोंबतायत, त्यांच्यावर कावळे झोके घेतात. एकच वायर अजून ताठ आहे, ती माझ्या खिडकीत येते. बाकी सगळी बिल्डिंग नेटवर सिनेमे बघते. मला ते जमत नाही असं मी सांगतो, आणि शाळेत न गेलेल्या माणसाचं हे लोकांना लगेच पटतं.

खरं सांगायचं तर बायको गेल्यापासून माझी बेल फक्त केबलवाला दत्ता वाजवतो. चित्र गेलं की येतो, चहा पितो, अर्धा तास बसतो. म्हणून अधूनमधून टीव्हीमागची पिन मीच उपसतो. अक्कल आहे ती एवढीच.

काल पिन बसवून दत्ता म्हणाला, "काका, तुम्ही पण नेट घ्या आता. मी लाइन बंद करतोय. नेटमध्ये बिघाड होतच नाही."

"मग माणूस कधी येतो?"

"कशाला येईल?"

"मग मला नको."

तो हसला. "काका, पिन आपोआप निघत नाही. मला पहिल्या खेपेलाच कळलेलं."

मी ओशाळलो. "मग यायचास कशाला?"

चपला घालत तो म्हणाला, "मला तरी आता चहाला कोण बोलावतंय?"