शक्की मिस्त्री आणि कडक ब्रेक

शक्की मिस्त्रीला गाडीचं दुखणं कुणी सांगितलेलं चालत नसे. "ब्रेक लागत नाही" म्हटलं, की तो मान तिरकी करून आपल्याकडेच बघायचा. "गाडीनं सांगतलं, का तूच सांगून राह्यला?" यवतमाळात दारव्हा रस्त्याला त्याचं टिनाच्या छपराचं दुकान होतं. नवा सुटा भाग आला तर तो जुन्याशेजारी ठेवून सुतळीनं मोजायचा. पेट्रोल हुंगायचा. गिऱ्हाइकानं आपणहून चहा मागवला तर कप हातात घेऊन विचारायचा, "आज कायले?" त्याचं खरं नाव मला कधीच कळलं नाही. विचारलं असतं, तर का विचारतोस म्हणून तासभर चौकशी झाली असती.

ब्रेकच्या तेलाचा डबा तर तो लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवायचा. किल्ली करदोड्याला. त्या तेलात दुसरं तेल मिसळलं की ब्रेकमधली रबरं बिघडतात, म्हणून त्या डब्याला तो सख्ख्या भावालाही हात लावू देत नसे. "मानसावर भरोसा नाई असं नाई," म्हणायचा, "पन हातावर नाई."

मी तेव्हा एका वकीलसाहेबांची मोटार चालवत होतो. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली, पंचशील घेतलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दारूचा थेंब आला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे आळ आला तो नेमका दारूचाच.

त्यानंतर दोनेक वर्षांची गोष्ट. साहेबांना दारव्ह्याच्या कोर्टात नेत होतो. वाटेत बोरी अरब गावाला बाजाराचा दिवस. गर्दी दिसली म्हणून ब्रेकवर पाय दिला, तर पायाखाली दगड! सगळं अंग टाकून दाबलं तरी पॅडल बोटभर खाली जाईना. समोर सोडून ठेवलेली बैलगाडी होती, तिच्यावर मोटार आदळली. चाकाशी बसलेला म्हातारा वेळेवर बाजूला झाला म्हणून वाचला. साहेब खाली उतरले आणि बाजारादेखत मला म्हणाले, "प्यायलेला आहेस तू." मी नाही नाही म्हणत राहिलो. शेवटी त्यांनी निकाल दिला. "गाडीत दोष निघाला तर ठीक. नाहीतर उद्यापासून यायचं नाही." नोकरीचं तर होतंच, पण वस्तीत जाऊन काय तोंड दाखवायचं?

साहेब बसनं घरी परतले आणि मी हँडब्रेकवर रांगत गाडी मिस्त्रीच्या दुकानात आणली. सगळी हकीकत ऐकून त्यानं काय करावं? आधी माझं तोंड हुंगलं! मी भडकलो. "मिस्त्री, माहं तोंड नोका हुंगू, गाडी पहा."

"दोनी पाहीन," तो म्हणाला आणि गाडीखाली शिरला.

पॅडलखाली खडा किंवा चटई अडकली का, ते पाहिलं. पॅडलचा सांधा गंजला का, ते पाहिलं. पुढचं चाक काढून ड्रम उघडला, आतलं लायनिंग बोटानं चोळलं. सगळं ठीक. मग चाकामधला ब्रेकचा छोटा सिलिंडर खोलला. त्यातलं रबर सहज निघायला हवं, ते निघेना. पकडीनं ओढून काढलं, तर भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं फुगलेलं. तेच आत घट्ट बसलं होतं, म्हणून पॅडल दबत नव्हतं.

"इंजिनाचं तेल गेलं यात. काहून ओतलं तू?"

"मी नाई ओतलं. पंधरा दिवसांखाली तुमीच तर भरलं होतं."

"सारेच असंच म्हनतात."

त्यानं गाडीतलं तेल काचेच्या पेल्यात काढून ठेवलं. थोड्या वेळानं वर इंजिनाच्या तेलाचा वेगळा थर दिसू लागला. झालं, आता हा सगळं माझ्या माथी मारणार, असं मला वाटलं. मग त्यानं करदोड्याची किल्ली सोडली आणि पेटीतल्या डब्यातलं तेल दुसऱ्या पेल्यात ओतलं, बहुधा मला खोटं पाडायलाच. आम्ही दोघंही बघत बसलो. त्या पेल्यातही तसाच थर आला.

मिस्त्रीनं पेटीतला डबा उचलून उलटसुलट करून पाहिला. मग हळूच म्हणाला, "जुना डबा गळाले लागला होता. म्या इंजिनाच्या तेलाच्या रिकाम्या डब्यात भरलं. पुसला होता. धुतला नोहता."

दुकानात आम्ही दोघंच होतो. त्यानं दोन्ही पेले उचलले आणि साहेबांच्या घराची वाट धरली. मी मागे. खरं सांगतो, रस्ताभर माझा त्याच्यावर विश्वास नव्हता. जन्मभर दुसऱ्यावर शक घेणारा माणूस साहेबांपुढे आपलं नाव कशाला घेईल?

ओसरीवर पक्षकार बसले होते. मिस्त्रीनं पेले टेबलावर ठेवले. "साहेब, हा पेलेला नोहता. म्याच खराब तेल भरलं. तो म्हातारा मेला असता तर माह्या हातानं मेला असता."

वकीलच ते. "तुझा डबा दुसऱ्या कुणी उघडला नसेल कशावरून?"

"कुलूप माहं, किल्ली माही. दुसरा कोठून आनू, साहेब?"

साहेबांनी सगळ्यांसमोर मोटारीची किल्ली माझ्या हातात दिली. आणि त्याच दमात बजावलं, की यापुढे गाडी या माणसाकडे न्यायची नाही. "बराबर आहे," म्हणून मिस्त्री पायऱ्या उतरला. मी त्याला एक शब्दही बोललो नाही. तोंड हुंगल्याचा राग अजून गेला नव्हता. त्या न बोलण्याची मला आजही लाज वाटते.

गोष्ट गावभर झाली आणि त्याची गिऱ्हाइकं तुटली. दारव्ह्याला जाताना मला त्याच्या दुकानावरूनच जावं लागे. मोटार दिसली की तो उठून कडेला येई आणि चाकांकडे बघत राही. तिथे थांबायचं काहीच कारण नसे, तरी मी ब्रेक दाबायचो. "का थांबलास?" साहेब मागून विचारत. "कुत्रं आडवं आलं," मी सांगे. चारी चाकं पुरती थांबलेली पाहूनच मिस्त्री आत जाई. असं चार वर्षं चाललं.

मग एकदा दुकान बंद दिसलं. पानवाल्यानं सांगितलं, मिस्त्री वारला, आठ दिवस झाले. परतताना मी त्या बंद दारापुढे ब्रेक दाबला. गाडी थांबली. मागून साहेबांनी काहीच विचारलं नाही.