संजनाच्या विकीतली सुगंधा

पूनम सागर वसाहतीतल्या एका सोसायटीत बायकांचं काहीही ठरायचं असलं की संजना शिगवणशिवाय पान हलत नसे. कोजागरीचं दूध असो, मंगळागौर असो, नाहीतर वर्षाची सहल असो, सगळ्यांना फोन करायची ती संजनाताईच. आणि काय बाईची आठवण! कुणाला गाडी लागते म्हणून पुढची सीट द्यायची, कुणाचा गुरुवार असतो, कुणाच्या सुनेला कितवा महिना लागलाय, सगळं तोंडपाठ. ‘अहो, तुमच्या लक्षात तरी कसं राहतं एवढं?’ बायका विचारायच्या. ‘राहतं हो,’ असं म्हणत संजना ओढणी सारखी करायची.

राहतं कसलं डोंबलाचं! सगळं होतं घरच्या त्या डबड्या कम्प्युटरमध्ये. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात संजना बिलं बनवायची. तिथे उत्तनचा शेन डिमेलो नावाचा सहकारी होता, नवं काही दिसलं की ते करून बघितल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. त्याने तिला एक विकी दिली होती. विकी म्हणजे काही मोठं प्रकरण नाही हो, एकच फाइल. ती उघडायची, प्रत्येक गोष्टीचं एक पान करायचं, पानाला टॅग लावायचे. टॅगच्या पोटात आणखी टॅग. एका टॅगवर क्लिक केलं की तो लावलेली सगळी पानं रांगेने समोर हजर. संजनाने प्रत्येक बाईचं एक पान केलं होतं. जिन्यात कुणी भेटलं, दोन शब्द झाले, की घरी येऊन चपला काढायच्या आधी त्या पानावर ते टिपायची. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. लोक कौतुक करतायत तर करू देत की, आपण कशाला नको म्हणायचं?

ही विकी तिने पहिल्यांदा वापरली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी. म्हणून पहिला टॅग केला ‘सवाष्णी’. मग कोजागरी आली. त्याच बायकांना बोलवायचं होतं, म्हणून कोजागरीचा टॅग तिने सवाष्णींच्या पोटात टाकला. मग सहल, मग शनिवारचं भजन, मग वाढदिवस, सगळं तिथेच. एकदा बसलेली घडी कोण कशाला मोडतंय?

बी विंगमधली सुगंधा मांडवकर ही संजनाची सगळ्यात जवळची मैत्रीण. दोघी गुहागरकडच्या, दोघी एकाच वर्षी इथे राहायला आलेल्या. दोन हजार सातच्या शिमग्यात सुगंधाचे यजमान धर्माजी कामावरच कोसळले आणि गेले. संजनाने तेव्हा बहिणीने करावं तसं केलं. तेराव्यापर्यंत तिच्या घरी डबा संजनाकडून जायचा, आल्यागेल्यांचा चहा संजना बघायची. सगळं आटोपल्यावर एका दुपारी ती कम्प्युटरपुढे बसली आणि सुगंधाच्या पानावर लिहिलं, ‘धर्माजीभावोजी गेले.’ लिहिताना तिला रडू आलं. मग तिच्या मनात आलं, उद्या यादी बघून आपण चुकून हिलाच हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायचो, केवढं लागेल बिचारीला! म्हणून तिने त्या पानावरचा ‘सवाष्णी’ हा टॅग काढून टाकला. चांगल्या मनानेच काढला, त्यात खोट नव्हती.

पण मूळ टॅग काढला की त्याच्या पोटातले सगळेच जातात. कोजागरी गेली, सहल गेली, भजन गेलं, वाढदिवस गेला. हे शेनने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती तेव्हा मान डोलावून हो हो म्हणाली होती.

झालं, त्यानंतर संजना यादी उघडायची, वरपासून खालपर्यंत फोन करायची आणि मोकळी व्हायची. सुगंधाला फोन जाईना. सुरुवातीला बायका विचारायच्या, ‘सुगंधा नाही आली?’ संजना यादी आठवायची. यादीत तिचं नाव नाही, म्हणजे तीच नको म्हणाली असणार आणि आपणच तसं टिपून ठेवलं असणार. मग मोठ्या समजूतदार आवाजात सांगायची, ‘तिला अजून कुठे जावंसं वाटत नाही गं. जबरदस्ती नका करू.’ बायकांनीही ते मानलं. संजनाताई म्हणते म्हणजे तसंच असणार, तिच्याइतकं कोण ओळखतं सुगंधाला? मधूनअधून सुगंधा खाली दुकानात भेटायची. ‘कशी आहेस?’ ‘बरी आहे.’ एवढ्यावर दोघी आपापल्या वाटेने जायच्या.

पुढच्या वर्षी सहल जाऊन आली. त्यानंतर भाजीच्या गाडीवर संजनाला हंसाबेन भेटल्या. या संजनाच्याच मजल्यावरच्या, गुडघ्यांमुळे सहलीला न गेलेल्या. कोथिंबिरीची जुडी हातात धरून त्या म्हणाल्या, “संजनाबेन, एक बात पूछूं? सुगंधाने क्या बिगाडा है तुम्हारा?”

“मेरा? मेरा क्या बिगाडेगी वो?”

“तो फिर उसको बुलाती क्यूं नहीं? तुम बोलती हो वो आती नहीं. वो बोलती है, मेरेको किसीने बुलायाच नहीं. पिकनिक के दिन बेसन के लड्डू बनाके बैठी थी बिचारी, बस के लिए. बोली, हर साल मैंच बनाती हूं, निकलते टाइम तो आवाज देंगे. गॅलरीसे देखती रही, बस चली गयी. फिर सारे लड्डू मेरे घर लेके आयी.”

“ऐसे कैसे? मैंने फोन किया होगा,” संजना तावातावाने म्हणाली. भाजी तिथेच टाकून ती तरातरा घरी आली. हंसाबेनला काय कळतंय! माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे, दाखवतेच आता.

तिने सुगंधाचं पान उघडलं. तिथे सगळं होतं. आंबट चालत नाही, पित्त होतं. धाकट्याची नोकरी. धर्माजीभावोजी गेले. फक्त एकही टॅग नव्हता. तिने ‘सहल’वर क्लिक केलं, सुगंधा नाही. ‘कोजागरी’वर केलं, नाही. ‘भजन’वर केलं, तिथेही नाही. मग ‘सवाष्णी’ उघडलं, आणि एकेक करत सगळे टॅग त्याच्या पोटातून बाहेर आले. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि कानशिलं तापली. नवरा गेला म्हणून या बाईला आपण हळदीकुंकवातून काढायला गेलो आणि दुधातून, भजनातून, सहलीतून, स्वतःच्या वाढदिवसातूनसुद्धा हाकलून दिलं. देवाचं नाव घ्यायलाही सवाष्ण असावं लागतं, असं कुठल्या मेल्याने सांगितलं होतं? कुणीही नाही. ते आपणच, आपल्या हाताने, सोयीचं पडतं म्हणून तसं लावून ठेवलं होतं.

तिने कम्प्युटरला दोन शिव्या दिल्या, पण त्यात काही जोर नव्हता. मग आणखी एक आठवलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सी विंगमध्ये मनोरमा काकू राहायच्या. संजना इथे आली त्याच्याही आधीपासून एकट्या. त्यांना कुठून काढायचा प्रश्नच नव्हता, त्यांचं पानच नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांचं पान करावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

ती संध्याकाळ तिने त्यातच घातली. ‘आपल्या बायका’ असा नवा टॅग केला. कोजागरी, सहल, भजन, वाढदिवस एकेक करत सवाष्णींच्या पोटातून काढून त्याच्यात नेले आणि तो टॅग सगळ्यांच्या पानांना लावला, सुगंधाच्याही. हळदीकुंकू तेवढं मागे राहिलं, त्याच्याकडे बघायलाही तिला नको झालं. मनोरमा काकूंचं पान केलं, पण नावापुढे काय लिहायचं तेच सुचेना. त्यांच्याबद्दल तिला काहीही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती सुगंधाकडे गेली. जिना चढताना बोलायचं सगळं जुळवून घेतलं होतं. सुगंधाने दार उघडलं, ‘ये’ म्हणाली, चहा टाकला. पूर्वीची सुगंधा असती तर दारातच चार गोष्टी ऐकवल्या असत्या. आता कुणा परक्याला द्यावा तसा बशीत कप ठेवून दिला.

“सुगंधा, एक घोटाळा झालाय गं,” संजनाने सुरुवात केली. “कम्प्युटरमध्ये चूक झाली.” आणि मग विकी, पानं, टॅग, टॅगच्या पोटातले टॅग, सगळं तिने भडाभडा सांगून टाकलं. मी मुद्दाम नाही केलं, तुला वाईट वाटू नये म्हणून करायला गेले, काल तुला पुन्हा यादीत घातलंय, असंही सांगितलं. बोलता बोलता तिचं तिलाच कळत होतं, आपण स्वतःची कातडी वाचवतोय.

सुगंधाने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, “म्हणजे मला आंबट चालत नाही हे पण त्यातच लिहिलंयस?”

“हो.”

“आणि मागे माझ्या वाढदिवसाला सकाळी सकाळी तुझाच फोन आला होता, घरच्यांच्या आधी. ते पण?”

संजनाने मान हलवली. नजर वर करायची तिची छाती होईना.

“मला वाटायचं तुझ्या लक्षात असतं,” सुगंधा म्हणाली. “ह्यांना मी कौतुकाने सांगायचे, संजना काही विसरत नाही म्हणून.”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. संजनाने रडून, पाया पडून वेळ निभावून नेली असती. पण सुगंधा चिडलीच नाही. पदराने टेबलावरचा चहाचा थेंब पुसत म्हणाली, “कम्प्युटरचं सोड. ते मशीनच. पण वर्षभरात एकदा तरी तुला मी आठवले? बसमध्ये बसलीस तेव्हा? गच्चीत दूध वाटताना?”

‘हो’ म्हणायला संजनाचं तोंड उघडलं होतं. पण बायकांना ऐकवलेली ती वाक्यं, तो समजूतदार आवाज तिच्या कानात घुमायला लागला. हिच्या तोंडावर आणखी एक खोटं कुठे बोलू?

“नाही गं,” ती म्हणाली. “नाव यादीत नव्हतं, म्हणून मी विचारच केला नाही.”

सुगंधा उठली. रिकामे कप उचलून आत गेली, मोरीत नळ सोडला. संजना पर्स घेऊन दारापर्यंत गेली, पुन्हा मागे आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“शनिवारी भजन आहे,” ती म्हणाली. “येशील?”

सुगंधाने नळ बंद केला, पण वळली नाही. “कोण बोलावतंय? तू, की काल पुन्हा यादीत घातलंस म्हणून?”

“मी,” संजना म्हणाली, पण ते खरं आहे की नाही, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.